सदतीस अंशांचं पाणी

"बर्फानं भाजला म्हणं त्यायचा हात. अन् तेबी ह्या उन्हात!"

बाकावर माझ्या शेजारी बसलेली बाई पलीकडच्या बाईला सांगत होती. आवाज हळू ठेवायचा तिचा प्रयत्न होता, पण तिचा हळू आवाजही खोलीभर ऐकू जाणारा होता.

"कायतरीच. बर्फानं कुठं भाजत असतं काय?"

"मग मी काय खोटं सांगून राहिले? त्यायची लेक बसली ना हितं. इचार की तिला."

दोघी माझ्याकडे वळल्या. मी फरशीकडे बघायला लागले. नांदेडच्या त्या दवाखान्याच्या फरशीवर लाल-पिवळे ठिपके होते आणि एका ओळीत किती ठिपके आहेत ते मी मोजत बसले. बाईने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग माझ्या वतीने स्वतःच उत्तर दिलं, "बोलत न्हाई ती. इंग्लिश शाळंतली दिसती."

मला उत्तर येत होतं. बर्फ नव्हता तो. बर्फापेक्षा कितीतरी पट थंड असलेलं, पाण्यासारखं दिसणारं नायट्रोजन होतं, आणि त्याने माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची तीन बोटं माझ्या डोळ्यांसमोर गोठली होती. हे वाक्य मी मनात दोनदा नीट जुळवलं. तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला गेला.

पप्पा जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक गाव लागतं, तिथे दोन खोल्यांचा दवाखाना आणि त्यापुढे जनावर उभं करायचा लाकडी खोडा होता. लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. ते डॉक्टर नव्हते आणि ते तसं सांगतही, पण कोणी ऐकत नसे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दवाखान्याच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलं होतं.

मी नांदेडला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुट्टीत घरी आले की पप्पांसोबत दवाखान्यात जायचे. तिथे कोणी माझ्याशी फारसं बोलत नसे, ते मला बरं वाटायचं. मी तोंड उघडलं की बायका हसायच्या. पुस्तकातलं मराठी बोलती, म्हणायच्या. त्यामुळे मी बघायचं काम पत्करलं होतं.

बघण्यासारखं खूप होतं. दवाखान्याच्या आतल्या खोलीत दोन कंटेनर होते, एक कमरेएवढा मोठा आणि एक मोटरसायकलला बांधून नेण्याजोगा छोटा. दोन्हींत नायट्रोजन भरलेलं असायचं आणि त्यात बैलाच्या बीजाच्या बारीक नळ्या बुडवून ठेवलेल्या असायच्या. काडेपेटीतल्या दोन काड्या एकापुढे एक ठेवाव्यात, साधारण तेवढ्या लांबीच्या. झाकण काढलं की पांढरा धूर बाहेर येऊन जमिनीवर पसरायचा. गावातली लहान मुलं त्याला धुराची घागर म्हणायची. पप्पांची तब्येत खुशीत असली की ते मला गंमत दाखवायचे. तुटलेल्या स्लिपरचा पट्टा चिमट्याने आत बुडवून काढायचे आणि टेबलावर आपटायचे. रबराचा पट्टा काचेसारखा फुटायचा. किंवा दोन थेंब तळहातावर टाकून घ्यायचे. थेंब टुणकन उडून खाली पळायचे आणि हाताला काहीच व्हायचं नाही. "त्याला माणसाचं अंग आवडत न्हाई," ते म्हणायचे.

मला मात्र सगळ्यात नवल वाटायचं ते नळीचं. कित्येक महिने दगडासारखी गोठून पडलेली ती नळी पप्पा बाहेर काढत आणि बरोबर सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरत. मग आतलं बीज जिवंत होई. पाणी कमी गरम असलं तर ते जगत नाही, जास्त असलं तर मरतं. यासाठी एक रुंद तोंडाचा थर्मास टेबलावर तयार असे आणि त्यात थर्मामीटर. सुट्टीत थर्मासातलं पाणी राखायचं काम माझं होतं. थंड झालं की थोडं गरम ओतायचं, आकडा बघायचा. "सदतीस झालं का गं माय?" पप्पा खोड्यापासून विचारायचे. मी मान हलवायचे. माझ्या बोलण्याची तिथे तेवढीच गरज होती आणि तीही मान हलवून भागत होती.

दहावीची परीक्षा देऊन आले होते ती ही सुट्टी. मे महिन्यातली दुपार, खोड्यात एक गाय बांधलेली, तिचा मालक सावलीला बसलेला. जिल्ह्याहून नायट्रोजनची गाडी येऊन गेली होती. मोठ्या कंटेनरमधून छोट्यात भरायचं चाललं होतं. दवाखान्यातले शिपाईमामा मोठा कंटेनर तिरपा करून धरत आणि पप्पा छोट्याच्या तोंडावर नरसाळं धरून बसत. कपाटात चामड्याचे जाड हातमोजे होते, पण ते कोणीच वापरत नसे. वाळून टणक झाले होते, बोटं हलत नसत. पप्पांच्या ओळखीचे हे काम करणारे सगळेच जण जे करत तेच पप्पा करायचे, हाताला उपरणं गुंडाळून घ्यायचे. धातूचं नरसाळं इतकं गार होतं की उघडी कातडी त्याला चिकटते, म्हणून.

शिपाईमामांचा पाय घसरला की कंटेनरच जास्त कलला, ते मला सांगता येणार नाही. धारेऐवजी एकदम लोंढा आला आणि नरसाळ्यावरून पप्पांच्या डाव्या हातावर पडला. उघडा हात असता तर बरंचसं उडून गेलं असतं. उपरण्याने ते सगळं पिऊन घेतलं. ते उपरणं बोटांभोवती ओल्या सिमेंटसारखं घट्ट होऊन बसलं. पप्पा उठून उभे राहिले, उजव्या हाताने ते ओढायला लागले, आणि ते सुटेना. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. उलट ते चकित दिसत होते.

"काहीच लागून न्हाई राहिलं," ते म्हणाले.

उपरणं सुटलं तेव्हा मधली तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. तोल सावरायला त्यांनी हात टेबलावर टेकवला तर टक् असा आवाज झाला, लाकडावर लाकूड वाजावं तसा. मला लगेच स्लिपरचा पट्टा आठवला.

"भाजलं, भाजलं!" शिपाईमामा ओरडले. "साहेबाचा हात भाजला. पाणी आणा गार!"

गाईचा मालक धावत आत आला. अंगणातल्या रांजणातलं थंडगार पाणी बादलीत ओतलं गेलं आणि पप्पांचा हात त्यात बुडवला गेला. चूल, तेल, दिवा यांनी भाजलं की हेच करतात. त्या तिघांना दुसरं सुचणं शक्य नव्हतं.

मला सुचलं होतं. आमच्या शाळेत प्रथमोपचाराचं एक पातळ पुस्तक होतं. त्यात शेवटून दुसरा धडा हिमदंशाचा होता, केसाळ टोपी घातलेल्या माणसाच्या चित्राचा. बाईंनी तो वगळला होता. नांदेडात याचा काय उपयोग, परीक्षेत येणार नाही, म्हणाल्या. वगळलेले धडे मी आवर्जून वाचायचे. चोळू नये. आगीवर शेकू नये. अंगाच्या उबेइतक्या गरम पाण्यात धरावं. आणि तसं पाणी माझ्या समोर, माझ्याच ताब्यातल्या थर्मासात होतं. मी थर्मामीटर पाहिलासुद्धा. सदतीस.

तीन पुरुष एकदम बोलत होते. मी थर्मासाच्या कानाला धरून उभी होते. "कोमट पाण्यात घाला," एवढं म्हणायचं होतं. ते कसं म्हणावं, पहिला शब्द कोणता घ्यावा, लोक हसले तर काय, हे होईपर्यंत पप्पा म्हणाले, "माय, तू बाजूला हो," आणि मी बाजूला झाले. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर त्यांना कळेल.

पुढच्या दोन दिवसांत बोटांवर जांभळ्या पाण्याचे फोड आले आणि कळा सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की बोटं मेली आहेत, कापा, नाहीतर विष वर चढेल. त्यांना दोष द्यायचा नाही, त्यांनी असलं काही आधी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाने माणसं आजारी पडतात.

डावा हात म्हणजे पप्पांचं सगळं काम होतं, हे इथे सांगायला हवं. गाय भरवताना बीजाची नळी उजव्या हातात असते. डावा हात कोपरापर्यंत गाईच्या आत असतो, आणि आत काय आहे ते बोटांच्या टोकांना कळावं लागतं. गाय गाभण आहे की नाही तेही त्याच बोटांनी. पाच महिन्यांचं गाभण कोणीही सांगेल, पप्पा दोन महिन्यांचं सांगायचे. डोळे मिटून, मान एका बाजूला करून, दुरून काही ऐकत असल्यासारखे उभे राहायचे. मग म्हणायचे, "हाय." किंवा "न्हाई, पुन्हा आणा." ती तीन बोटं गेली तर त्यांना खुर्चीत बसून रजिस्टर लिहावं लागलं असतं. तसं ते आईला म्हणालेही.

म्हणून आम्ही नांदेडला आलो होतो.

आतले सर्जन वयस्कर होते. कधीकाळी लष्कराच्या दवाखान्यात, बर्फाच्या भागात होते. पप्पांचा हात पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आखाडा बाळापूर? तुम्हाला हे तिथं झालं?"

"व्हय साहेब."

"मी इतकी वर्षं तिकडं काढली आणि शेवटी हे मला इथं बघायला मिळतंय," ते म्हणाले. त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला ते आवडले. "पहिल्या तासात काय केलं?"

"रांजणातल्या पाण्यात धरला. अर्धा घंटा."

"गार पाण्यात? छे. कोमट हवं होतं, सदतीस-अडतीस अंश. आता ते ऐनवेळी कुठून मिळणार म्हणा."

पप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग एकदम हसले. "होतं साहेब. टेबलावरच होतं. बैलाच्या बीजासाठी मोजून ठेवलेलं." मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

सर्जन म्हणाले, "कापायची घाई करायची नाही. काळं झालं म्हणजे सगळं मेलं असं नसतं. वरचं साल मरतं, खाली किती जगलंय ते आज मलाही सांगता येणार नाही, देवालाही नाही. दोन-तीन महिने लागतात. मेलेलं आणि जगलेलं यांच्यामध्ये आपोआप एक रेष उमटते. ती पक्की झाली की मग जे उरेल ते बघू." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. दिवसातून दोनदा औषध घातलेल्या सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं. पुसायचं नाही, टिपायचं. बोटांमध्ये कोरडा कापूस. हात छातीपेक्षा उंच. फोड फोडायचे नाहीत. सुजेची गोळी जेवणानंतर. तंबाखू पूर्ण बंद, तिच्याने रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात. दर आठवड्याला दाखवायचं. बोटं सुकी राहिली तर चांगलं. ओली झाली, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी यायचं.

"हे घरी कोण करणार?" त्यांनी विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. उजव्या हाताचं.

घरी दवाखान्यातलाच थर्मामीटर आणला. मी पितळी परातीत पाणी घ्यायचे, आकडा जुळवायचे आणि पप्पा हात सोडायचे. "सदतीस झालं का गं माय?" ते आता खाटेवरून विचारायचे. पहिले दिवस फार वाईट होते. पाण्यात हात जाताच त्यांचे ओठ पांढरे व्हायचे. आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची.

दहाएक दिवसांनी कळा कमी झाल्या आणि बोटं काळी पडली. निळसर काळी, मग कोळशासारखी. टोकं सुकून टणक झाली. मला किळस वाटायला हवी होती बहुतेक. मला बघत राहावंसं वाटायचं. काळं नेमकं कुठे संपतं? कालच्यापेक्षा आज पुढे आहे की मागे? डोळ्यांवर भरवसा नव्हता, म्हणून मी दर रविवारी पप्पांचा हात वहीच्या पानावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारायला लागले, लहान मुलं काढतात तसा हात. नखं, पेरं काढायची आणि काळ्याची कड निळ्या बॉलपेनने. खाली तारीख. पप्पा म्हणाले, "काहून काढती गं हे?" मी म्हणाले, "असंच."

बघायला येणाऱ्यांची रीघ होती. काही लोक बोटं बघून लगेच जीभ चावायचे, काही जण चिकटून बसायचे. गाईम्हशीवाले यायचे ते वेगळ्या काळजीने. "साहेब, तुमी हात कधी घालणार? माझी म्हैस थांबून राहिली."

"तिला म्हणावं अजून थोडा दम धर," पप्पा सांगायचे.

"तिला दम हाय. मलाच न्हाई."

शिपाईमामा रोज संध्याकाळी यायचे. त्या दिवसानंतर ते पप्पांच्या नजरेला नजर देत नसत, आणि काय करू, काय आणू असं सारखं विचारत. पप्पांना तंबाखूची सवय होती. डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मळायची. आता तो तळवा वापरता येत नव्हता. एका संध्याकाळी मी दाराआडून पाहिलं, शिपाईमामा पाठमोरे उभे आहेत आणि त्यांचा खांदा हलतोय. मळून झाल्यावर त्यांनी चिमूट हळूच पप्पांच्या उजव्या हातात दिली. दोघांनी दाराकडे पाहिलं. मी दिसले नाही.

त्याच वहीत मी रोजच्या पाण्याची आणि गोळ्यांची नोंद ठेवायचे. त्या दिवसाच्या नोंदीखाली एक ओळ लिहिली, "तंबाखू, संध्याकाळी, एकदा." दुसऱ्या दिवशी, "तंबाखू, दोनदा." रविवारी हात काढताना वही पप्पांच्या मांडीवर उघडी होती. त्यांनी ती वाचली. मी पेन्सिल फिरवत राहिले. संध्याकाळी शिपाईमामा आले तेव्हा पप्पा त्यांना म्हणाले, "बंद. घरात लिहून ठेवणारं माणूस हाय." त्यानंतर शिपाईमामांनीही माझ्यासमोर तंबाखू खाल्ली नाही, जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कुरुंद्याहून मोठे काका आले. त्यांची हळदीची शेती, सोबत हळदीचा लेप आणि बिब्बे घेऊन आले होते. आईने ते नम्रपणे घेऊन फडताळात ठेवले. काका खाटेजवळ बसून बोटांकडे बघत राहिले. ते पप्पांहून दहा वर्षांनी मोठे, त्यांना पप्पांनी कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही.

"हे काय हाय? मढं सांभाळून राहिलास तू. तीन बोटांपायी हात घालवशील. हात गेला तर काय करशील?"

"डॉक्टर म्हणले थांबा."

"डॉक्टरचा हात हाय का तो?"

त्याच वेळी ओसरीत शेजारचे मेंढपाळ आजोबा बसले होते. शेळीचं औषध विचारायला आले होते. ते उठून आत आले, वाकून, हात मागे बांधून, बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मेंढराचा खूर बघावा तसं.

"वास येऊन राहिला का?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली, नाही.

"पाणी सुटतं का?" नाही.

"मग राहू द्या की. कोकराची नाळ अशीच असती. सुकती, काळी पडती, आपल्या आपून गळती. कोणी ओढली तर कोकरू जातं." आणि काकांकडे वळून, "तुमी हळद पिकवता मालक. उगवायच्या आधी उकरून बघता का?"

काका म्हणाले, "माणसाचं अन् मेंढराचं एक नसतं." पण त्या दिवशी बोटं कापायचा विषय पुन्हा काढला नाही.

सातव्या आठवड्यात मधल्या बोटाच्या बाजूला काळ्या सालाची कड जराशी उचकटलेली दिसली. मी परातीवर वाकले. आत गुलाबी होतं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखं, ओलसर दिसणारं पण कोरडं. मी कापसाची काडी हळूच टेकवली. पप्पा म्हणाले, "काय केलं गं? गुदगुल्या झाल्या." पाणी छत्तीसवर आलं तरी मी गरम ओतायचं विसरले.

नवव्या आठवड्यात नेहमीप्रमाणे नांदेडला गेलो तेव्हा काका सोबत होते. वयस्कर सर्जन महिन्याभरासाठी बाहेरगावी गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण सर्जन होते. त्यांच्या दाराबाहेर बाकड्यांपर्यंत रांग होती. त्यांनी हात उलटसुलट केला, चिमट्याने टोकं वाजवली. पप्पांना काही जाणवलं नाही. साल उचकटलं होतं ती बाजू त्यांनी पाहिली नाही, ती खालच्या अंगाला होती. मग ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. तिन्ही बोटं मधल्या पेरातून काढू या, उद्या सकाळी जागा आहे. शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, अजून थांबायचं नाही का? ते म्हणाले, थांबता आलं असतं. पण ही खेड्यातली माणसं आहेत, एकदा गेली की परत येत नाहीत, आणि येतात तेव्हा हात सडलेला असतो. आज आलेत तर आज करून टाकू.

त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. त्यांनी तसे हात पाहिले असणार. पण आमच्यात हे कळलेलं माणूस मी एकटी होते. त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी मराठीत सांगितलं, "काढावी लागतील. इथं सही करा."

"करून टाक," काका म्हणाले.

पप्पांनी कागद पुढे ओढला. "तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले. पेन उजव्या हातात होतं. डावा हात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, अजूनही छातीपेक्षा वर धरलेला होता.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तरुण सर्जनांनी माझी वही पानं मागे-पुढे करून दोनदा पाहिली, मग हात पुन्हा उलटा केला, भिंग मागवलं आणि साल उचकटलेल्या जागी बराच वेळ बघत राहिले. कागद परत फायलीत गेला. दसऱ्याच्या सुमारास काळी सालं एकेक करून, बोटमोज्यासारखी, निघाली. तर्जनीचं टोक नखापर्यंत गेलं, तेवढंच त्यांना कापून शिवावं लागलं. बाकी दोन्ही बोटं राहिली, बारीक, तुकतुकीत, थंडीत ठणकणारी. हिवाळ्यात पप्पांनी पहिल्यांदा खोड्यापाशी जाऊन हात घातला तो त्या थांबून राहिलेल्या म्हशीला. दम न निघून मालकाने तिला मधल्या काळात रेड्याकडे नेलं होतं. खूप वेळ डोळे मिटून उभे होते. घाम आला त्यांना. मालकाने तोंड उघडलं तसा शिपाईमामांनी त्याला गप्प केलं. पप्पा म्हणाले, "हाय. दोन महिन्यांचं हाय." ते खरं निघालं. त्यानंतर ते बरीच वर्षं काम करत राहिले, कपाटातले मोजे तेल लावून मऊ करून.

पण त्या खोलीत हे काही माहीत नव्हतं. पेनचं टोपण निघालं होतं. माझ्या मांडीवर वही होती, सात रविवारांचे सात हात. पहिल्या हातावर निळी रेष मधल्या पेराच्या मागे, तळव्याच्या बाजूला होती, सातव्यावर ती जवळजवळ नखांपाशी. पहिला शब्द कोणता घ्यावा हे मी शोधायला लागले आणि मला रांजणाच्या पाण्याचा आवाज आठवला. इंग्रजीत बोलले असते तर जीभ अडखळली नसती, डॉक्टरांनी ऐकूनही घेतलं असतं. पण मग पप्पांना कळलं नसतं की मी काय म्हणतेय, आणि बोटं त्यांची होती. मी उठले. वही टेबलावर, सहीच्या कागदावर ठेवली.

"सर, कापू नका. आम्ही दर आठवड्याला आलोय आणि पुढेही येऊ. रेष नखाकडे सरकलीय, हे बघा, मी सगळं काढून ठेवलंय."